खरी नोंदवही : तरुण शास्त्रज्ञांना संशोधनातील सचोटी कशी शिकवावी

विज्ञानाचे शिक्षण म्हणजे केवळ सूत्रे, उपकरणे आणि गणिते यांचे शिक्षण नव्हे. जे पाहिले तेच लिहिणे, जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याच्या नावे ठेवणे आणि ज्या माणसांवर प्रयोग करावयाचा त्यांचा मान राखणे, या तीन गोष्टी त्या शिक्षणाच्या मुळाशी आहेत. त्यांनाच एकत्रितपणे संशोधनातील सचोटी असे म्हणता येईल.

हा विषय केवळ विद्यापीठांपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञाच्या अहवालावर विसंबून डॉक्टर औषध लिहून देतो, कृषी अधिकारी बियाण्याची शिफारस करतो आणि अभियंता पुलाचा आराखडा आखतो. शेतात बी पेरणाऱ्या शेतकऱ्याजवळ त्या अहवालातील आकडे पडताळून पाहण्याचे साधन नसते. तो ते विश्वासाने स्वीकारतो. आकडा खोटा असेल तर प्रयोगशाळेचे नुकसान नंतर होते; हंगाम आधी बुडतो तो शेतकऱ्याचा.

मग ही सचोटी शिकवता येते काय? प्रामाणिकपणा घरच्या संस्कारांतून येतो, पंचविशीतल्या तरुणाला तो शिकवून काय उपयोग, असा एक पक्ष आहे. चार व्याख्याने देऊन प्रमाणपत्र हाती ठेवले की काम झाले, असा दुसरा. दोन्ही पक्ष अपुरे आहेत. संशोधनातील पुष्कळसे चुकीचे वर्तन दुष्ट बुद्धीतून नव्हे, तर लहान लहान सवयींतून घडते. आणि सवय ही रोजच्या कामातूनच लागते व रोजच्या कामातूनच मोडते.

प्रारंभ शाळेच्या प्रयोगवहीपासून

या सवयींचा उगम शोधू गेल्यास तो शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगवहीत, म्हणजे विद्यार्थी जिला 'जर्नल' म्हणतात तिच्यात सापडतो. साध्या लोलकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या आसपास यावयास हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. त्याचे उत्तर १०.९ आले. गुण जाऊ नयेत म्हणून तो उत्तराकडून उलटे गणित करतो, वेळेचे आकडे थोडे वाढवतो, अथवा गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून सारणी भरतो. वही स्वच्छ होते, सही मिळते, प्रात्यक्षिक पार पडते.

परंतु त्या १०.९ मध्येच खरा धडा दडलेला होता. घड्याळ सुरू करतेवेळीच 'एक' म्हणून मोजण्यास आरंभ केला, तर 'वीस' म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने पुरी झालेली असतात. आंदोलनकाल कमी भरतो आणि उत्तर नेमके १०.९ च्या घरात जाते. मोजणी 'शून्य' पासून करावी, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले तो शास्त्रज्ञ होण्याच्या वाटेवर एक पाऊल पुढे गेला. ज्याने आकडे बदलले त्याने उत्तर मिळवले आणि शोध गमावला. शिक्षक उत्तराला गुण देतात की नोंदीला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

तेलाच्या थेंबाचा प्रयोग

प्रशिक्षणार्थी शास्त्रज्ञांना सचोटीचे प्रश्न समजावून देण्यासाठी जगभर एक प्रसिद्ध प्रयोग वापरला जातो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून तो आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा आहे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार मोजला. धातूच्या दोन आडव्या चकत्यांच्या मध्ये तेलाचे अतिसूक्ष्म थेंब सोडावयाचे, चकत्यांना काही हजार व्होल्टचा दाब द्यावयाचा आणि विद्युतभारित थेंब किती वेगाने खाली येतो व वर जातो हे दुर्बिणीतून पाहावयाचे, अशी ती रीत. प्रत्येक थेंबावरील भार हा एका ठराविक लहान भाराच्या पूर्ण पटीत असतो, असे त्यातून सिद्ध झाले. तो लहान भार म्हणजेच इलेक्ट्रॉनचा भार होय. मिलिकन यांना १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

निष्कर्ष खरा होता, यात शंका नाही. तरीही या एका प्रयोगातून सचोटीचे तीन निरनिराळे प्रश्न निघतात. म्हणूनच तो अध्यापनास उपयुक्त आहे.

पहिला प्रश्न : कोणते थेंब धरावे? मिलिकन यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ५८ थेंबांची मोजमापे दिली आणि हे निवडक थेंब नसून सलग ६० दिवसांत अभ्यासलेले सर्व थेंब आहेत, असे विधान केले. पुढे जेराल्ड होल्टन या विज्ञानेतिहासकाराने मिलिकन यांच्या मूळ नोंदवह्यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. त्या वह्यांत शंभराहून अधिक थेंब आढळतात आणि त्यांपैकी कित्येकांपुढे हे छापण्याजोगे, येथे काहीतरी बिघडले, अशा अर्थाचे शेरे आहेत.

काही थेंब वगळण्यास सबळ कारण होते. फार मोठा थेंब चटकन खाली पडतो, फार लहान थेंब हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरतो आणि आरंभीच्या दिवसांत उपकरण नीट बसलेले नसते. परंतु काहींच्या बाबतीत, उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, याखेरीज कारण दिसत नाही. त्या वेळी व्हिएन्ना येथील फेलिक्स एरेनहाफ्ट यांच्याशी मिलिकन यांचा तीव्र वाद चालू होता. इलेक्ट्रॉनहूनही लहान भार असतात, असे एरेनहाफ्ट यांचे म्हणणे होते. वादाच्या भरात नको असलेला आकडा दूर सारण्याचा मोह किती प्रबळ असेल, याची कल्पना करता येते. पुढील अभ्यासकांनी वगळलेले थेंब धरून पुन्हा गणित केले, तेव्हा भाराचे मूल्य फारसे बदलले नाही. मिलिकन यांच्या बचावाची बाजूही विद्वानांनी मांडली आहे. तात्पर्य एवढेच, की प्रश्न आकड्याचा नसून निबंधातील त्या एका विधानाचा आहे. थेंब वगळणे हा दोष नव्हे. वगळले हे न सांगणे, हा दोष होय.

दुसरा प्रश्न : नाव कोणाचे? या प्रयोगात हार्वी फ्लेचर नावाचा संशोधक विद्यार्थी मिलिकन यांच्या हाताखाली काम करीत होता. त्याआधी पाण्याचे थेंब वापरले जात; पण ते पाहता पाहता वाफ होऊन जात. तेलाचे थेंब वापरण्याची युक्ती प्रथम कोणाला सुचली, याविषयी गुरू व शिष्य या दोघांच्या हकिकतींत फरक आहे. फ्लेचर यांच्या हकिकतीप्रमाणे, निबंध सिद्ध झाला तेव्हा मिलिकन त्यांच्या घरी आले आणि त्यांनी वाटणी सुचवली : विद्युतभारावरील निबंध मिलिकन यांच्या एकट्याच्या नावे आणि थेंबांच्या थरथरीवरील, म्हणजे ब्राउनीय गतीवरील निबंध फ्लेचर यांच्या एकट्याच्या नावे प्रसिद्ध व्हावा. पदवीसाठी स्वतःच्या एकट्याच्या नावाचा निबंध हवाच होता. फ्लेचर यांनी मान्य केले. त्यांना १९११ साली डॉक्टरेट मिळाली आणि पुढे ध्वनी व श्रवण या विषयांत त्यांनी मोठे नाव मिळवले. ही हकिकत त्यांनी हयातभर प्रसिद्ध होऊ दिली नाही. १९८१ साली त्यांच्या निधनानंतर, १९८२ मध्ये ती छापून आली. आपल्या गुरूंविषयी त्यांच्या मनात अखेरपर्यंत आदरच होता.

या प्रसंगाचे मर्म त्या आदरातच आहे. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, प्रबंधावरील सही आणि पुढील नोकरीसाठीचे शिफारसपत्र ही सर्व मार्गदर्शकाच्या हाती असतात. अशा स्थितीत विद्यार्थ्याने दिलेला होकार कितपत मोकळा मानावा? आपल्या देशात गुरूविषयीचा आदर हा संस्कार आहे आणि तो असावाही. परंतु ज्याने काम केले त्याचे नाव गाळणे, अथवा ज्याने काही केले नाही अशा विभागप्रमुखाचे नाव रिवाज म्हणून घालणे, हा आदर नव्हे. कामाची वाटणी आणि नावांचा क्रम काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून वहीत लिहून ठेवावा, हे उत्तम.

तिसरा प्रश्न : चूक व लबाडी यांतील सीमा कोणती? मिलिकन यांचे मूल्य आजच्या एककांत १.५९२ येते, तर आज मान्य असलेले मूल्य १.६०२ आहे, दोन्हींपुढे दहाचा उणे एकोणिसावा घात आणि कूलोम हे एकक. हा फरक वगळलेल्या थेंबांमुळे पडलेला नाही. हवा थेंबाला जो विरोध करते, म्हणजे हवेची श्यानता, तिचे त्या काळी वापरलेले मूल्यच थोडे चुकले होते. १९३० च्या दशकात ती चूक ध्यानी आली. ही प्रामाणिक चूक होती आणि तिच्यासाठी कोणी मिलिकन यांना दोष देत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणात या मूल्याचा दाखला दिला. नंतरच्या संशोधकांची उत्तरे एकदम योग्य जागी न जाता हळूहळू वर सरकत गेली. कारण मिलिकन यांच्याहून फार निराळे उत्तर आले, की ते आपल्याच कामात चूक शोधीत आणि जवळचे उत्तर आले, की तितक्या बारकाईने पाहत नसत, असे त्यांनी सांगितले. माणूस सर्वांत सहज फसवतो तो स्वतःलाच, हे यातून ध्यानी येते.

नोंदवही नसेल तर

चूक कोणाकडूनही होते. तिच्याहून निराळे असे तीन गंभीर अपराध आज सर्वत्र मानले जातात : न केलेल्या प्रयोगाची माहिती रचणे, मिळालेल्या माहितीत फेरफार करणे आणि दुसऱ्याचे लेखन वा कल्पना आपल्या नावे खपवणे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यान हेंड्रिक श्योन या तरुण शास्त्रज्ञाचे निबंध विलक्षण वेगाने प्रसिद्ध होत होते. निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत एकसारखीच वळणे आहेत, हे इतरांच्या ध्यानी आले. २००२ साली चौकशी समितीने २४ आरोप तपासून १६ प्रकरणी गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले. समितीने मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा रीतसर नोंदवह्याच ठेवलेल्या नव्हत्या आणि संगणकावरील मूळ माहितीही पुसून टाकलेली होती. मिलिकन यांच्याविषयी अनेक दशकांनंतर न्याय्य चर्चा करता आली, कारण त्यांनी नको असलेले थेंबही वहीत जपून ठेवले होते. खरी वही लिहिणाऱ्याला उघडे पाडते आणि तीच त्याला तारतेही.

माणसांवरील संशोधन आणि संमती

अभ्यासाचा विषय जेव्हा तेलाचा थेंब नसून माणूस असतो, तेव्हा सचोटीचा अर्थ अधिक खोल होतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंश या रोगाचा अभ्यास चालला. त्यांपैकी बहुसंख्य रोगग्रस्त होते. त्यांना खरी माहिती दिली गेली नाही आणि पेनिसिलीन हे गुणकारी औषध उपलब्ध झाल्यावरही ते देण्यात आले नाही. या प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर त्या देशात कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालात तीन तत्त्वे सांगितली गेली : व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावर पहिले धोरणपत्र काढले. पुढे २००० व २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१७ साली ती विस्ताराने नव्याने प्रसिद्ध झाली.

नियम असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण दूरचे नाही. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील व आता तेलंगणात असलेल्या खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशीचा प्रकल्प १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींसाठी राबवण्यात आला. तक्रारींनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. मात्र संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर उणिवा आढळल्या. खम्मममधील कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीनेही यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्त होती, परंतु विचारण्याची रीत चुकली आणि लोकांचा विश्वास ढळला.

गावकऱ्यांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. संशोधक रक्ताचा नमुना घेण्यास अथवा माहिती विचारण्यास आला, तर हे कशासाठी, यात धोका कोणता, माझी माहिती कोणाला कळणार आणि मी नाही म्हटले तर काय, हे त्याला त्याच्या भाषेत नव्हे, आपल्या भाषेत विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. नकार दिल्याने कोणाचे नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत.

शिक्षणाची व्यवस्था

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रशिक्षणासाठी अनुदान घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जबाबदार संशोधन-वर्तनाचे शिक्षण देण्याची अट १९८९ मध्ये जाहीर केली. २००९ मध्ये तिने ती अधिक स्पष्ट केली : किमान आठ तासांचे शिक्षण, समोरासमोर चर्चा, मार्गदर्शक शास्त्रज्ञांचा सहभाग आणि चार वर्षांतून निदान एकदा त्याची पुनरावृत्ती.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले. प्रबंधातील मजकुराचे साम्य १० टक्क्यांहून अधिक असेल तर टप्प्याटप्प्याने कारवाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. त्यानंतर आयोगाने डॉक्टरेटच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीविषयी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. तो तीस तासांचा असून त्यात नीतीची तत्त्वे, वैज्ञानिक वर्तन, प्रकाशनातील गैरप्रकार आणि नियतकालिकांची पारख हे विषय येतात. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा वा हैदराबाद येथून डॉक्टरेटसाठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाचा या विषयाशी संबंध येतो.

ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. साम्य मोजणारे यंत्र शब्दांची जुळणी मोजते, सत्य मोजत नाही. ज्याने सर्व आकडे घरी बसून रचले, त्याचा प्रबंध त्या यंत्राच्या कसोटीस बिनदिक्कत उतरू शकतो. तेथे वहीच पाहावी लागते, आणि ती पाहण्याचे काम मार्गदर्शकाचे आहे.

विद्यार्थ्याचे धैर्य, संस्थेचे कर्तव्य

सर्वांत कठीण प्रश्न अखेरचा आहे. मार्गदर्शकच चुकत असेल तर विद्यार्थ्याने काय करावे? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २००५ साली आनुवंशशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतील सहा विद्यार्थ्यांना, आपल्या मार्गदर्शकांनी अनुदानाच्या अर्जात खोटी माहिती दिल्याची शंका आली. त्यांनी आपसात विचार करून ती विद्यापीठास कळवली. चौकशीत त्यांची शंका खरी ठरली आणि प्रयोगशाळा बंद पडली. पण त्या विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली. काहींना नव्या विषयावर पहिल्यापासून आरंभ करावा लागला, तर काहींनी तेथील शिक्षणच सोडले.

खरे बोला, असा उपदेश विद्यार्थ्यांना करणाऱ्या संस्थांनी हा प्रसंग विसरू नये. तक्रार कोणाकडे करावयाची, तक्रारदाराचे नाव गुप्त कसे राहील आणि त्याला दुसरा मार्गदर्शक व शिष्यवृत्ती कशी मिळेल, याची तजवीज आधी नसेल तर सचोटीचा पाठ पोकळ ठरतो. प्रामाणिकपणाची सारी किंमत सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल करणे न्याय्य नाही.

पाठ कसा घ्यावा

१. व्याख्यानापेक्षा चर्चा करावी. दहा-बारा विद्यार्थ्यांच्या गटापुढे एक खरी घटना ठेवावी आणि त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, असे विचारावे.

२. मार्गदर्शकाने स्वतः वर्गात बसावे. हे काम ग्रंथपालावर अथवा कार्यालयावर सोपवून मोकळे होऊ नये.

३. नोंदवहीला पृष्ठक्रमांक असावेत. नोंद शाईने व तारखेसह करावी. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने, वाचता येईल असा छेदावा. तो पुसू नये व पान फाडू नये. संगणकावरील मूळ माहितीची प्रत वेगळी जपावी.

४. कोणती निरीक्षणे गाळावयाची याचा नियम प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावा आणि गाळलेल्यांची संख्या अहवालात द्यावी.

५. शाळेतील शिक्षकांनी प्रात्यक्षिकात उत्तरापेक्षा नोंदीला व चुकीच्या कारणमीमांसेला अधिक गुण द्यावेत.

यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च येत नाही. नवे उपकरण लागत नाही, नवी इमारत लागत नाही. विद्यार्थ्याने अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा घाबरत घाबरत वहीसह पुढे आणला, तर त्याला रागावण्याऐवजी, चला, का आला ते पाहू, असे म्हणणारा एक शिक्षक मात्र लागतो. ज्या प्रयोगशाळेत असे म्हटले जाते, तेथील तरुणांना खोटे लिहिण्याची गरज पडत नाही. आणि त्यांच्या अहवालावर दूरच्या गावातील शेतकरी निःशंकपणे विसंबू शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. मिलिकन यांनी आपल्या निबंधात कोणते एक वाक्य निराळे लिहिले असते, तर त्यांच्यावर आक्षेप आला नसता?

२. फ्लेचर यांनी वाटणीस संमती दिली होती. तेवढ्याने ती वाटणी योग्य ठरते काय?

३. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीसाठी संमती कोणी, कोठे व कोणत्या भाषेत द्यावी?

४. आपल्या शाळेतील प्रयोगवही तपासताना कोणती पद्धत बदलता येईल?